विश्लेषण : किचकट स्ट्रॅटेजी गेम महाग का असतात? रोह्यातल्या खेळाडूला ते परवडणार कसे?

व्हिडीओ गेम म्हटले की बंदुका, गाड्यांच्या शर्यती किंवा क्रिकेट डोळ्यांसमोर येते. पण संगणकावर राज्य चालवण्याचे, करवसुलीचे, तहाचे आणि मोहिमांचे खेळही असतात. ते शिकायलाच काही आठवडे जातात. त्यांचा प्रेक्षक थोडा आणि किंमत भरभक्कम. ६० डॉलरचा असा एखादा गेम ८५ रुपयांच्या दराने सरळ रुपयांत मांडला तर ५,१०० रुपये होतात. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ मधील मजुरी दिवसाला ३१२ रुपये आहे. म्हणजे एका गेमसाठी १६ दिवसांची मजुरी! अमेरिकेत किमान वेतनावर काम करणाऱ्याला तोच गेम साधारण आठ तासांच्या कामात मिळतो. ही दरी का आहे, ती कोण बुजवू शकतो आणि रोहा-पेणसारख्या गावांतल्या तरुणांपुढे आज कोणते पर्याय आहेत, याचा हा आढावा.

हे नेमके कोणते गेम आहेत?

स्ट्रॅटेजी म्हणजे डावपेचांचे खेळ. यात सर्वांत परिचित नाव ‘सिव्हिलायझेशन’चे. सिड मायर यांनी बनवलेला हा खेळ १९९१ मध्ये आला. त्यापुढचा, अधिक किचकट वर्ग म्हणजे ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह ही कंपनी त्यासाठी ओळखली जाते. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ (२०१३), ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ (२०१६), ‘क्रुसेडर किंग्ज ३’ (२०२०) आणि ‘व्हिक्टोरिया ३’ (२०२२) हे तिचे गाजलेले गेम. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ नोव्हेंबर २०२५ मध्ये ५९.९९ डॉलर या किमतीला बाजारात आला.

याहूनही कठीण वर्ग युद्धखेळांचा. गॅरी ग्रिग्सबी यांच्या ‘वॉर इन द ईस्ट’मध्ये दुसऱ्या महायुद्धातील जर्मनी-रशिया आघाडी तुकडीगणिक हाताळावी लागते. ‘वॉर इन द पॅसिफिक’मध्ये डिसेंबर १९४१ पासूनचे युद्ध एकेका दिवसाच्या खेळीने पुढे सरकते. पुरवठ्याची जहाजे, इंधन, वैमानिकांचे प्रशिक्षण, सगळे खेळाडूनेच पाहायचे. त्याच्या नकाशावर मुंबईचे बंदरही आहे. या खेळांची माहितीपुस्तिका कादंबरीएवढी जाड असते आणि एक डाव संपायला महिने लागतात.

यांचा कोकणाशी काय संबंध?

संबंध आहे आणि तो थेट आहे. रोह्याच्या आसपासचा भूगोलच पाहा. गावाभोवतीच्या डोंगरांवर अवचितगड, सुरगड आणि घोसाळगड. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे रेवदंडा आणि कोर्लई ही पोर्तुगीजांची ठाणी. दक्षिणेला मुरुडजवळ सिद्दीचा जंजिरा. घाटमाथ्यावरून उतरणारा माल कोणत्या वाटेने बंदरावर जाणार, जकात कोण घेणार, समुद्रात आरमार कोणाचे फिरणार, हे शिवकाळातले रोजचे प्रश्न होते. ग्रँड स्ट्रॅटेजी गेम खेळाडूपुढे नेमके हेच प्रश्न ठेवतो.

‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ सुरू होतो १४४४ मध्ये. तेव्हा दख्खनेत बहमनी आणि दक्षिणेत विजयनगर. तो संपतो १८२१ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतर तीन वर्षांनी. या खेळासाठी २०१८ मध्ये ‘धर्म’ नावाची पुरवणी आली आणि तिचा भर भारतावर होता. पाचवा भाग १३३७ पासून सुरू होतो. तो महंमद तुघलकाचा काळ. ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने २००९ मध्ये आणलेल्या ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये तर मराठा सत्ता खेळाडूला स्वतः चालवता येते. तो खेळ १७०० मध्ये सुरू होतो. राजाराम महाराजांचे निधन होऊन ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली ते हेच वर्ष.

थोडक्यात, सह्याद्री आणि कोकण किनाऱ्याचा इतिहास जगभरचे लाखो खेळाडू या खेळांतून हाताळतात. तो मांडणारे स्टुडिओ मात्र स्वीडन, स्पेन आणि ब्रिटनमध्ये आहेत. ज्यांच्या गावावरून तो नकाशा जातो त्यांच्याच मुलांना तो विकत घेणे जड जाते. त्यामुळे हा प्रश्न केवळ करमणुकीपुरता राहत नाही. जो खेळतो तो चुका दाखवतो, सुधारणा सुचवतो, ‘मॉड’ म्हणजे स्वतःचे बदल तयार करतो आणि पुढे कदाचित स्वतःचा गेमही बनवतो. जो किमतीपाशीच अडतो, तो या साखळीत येतच नाही.

हे गेम एवढे महाग का?

उत्तरासाठी पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोकावणे पुरे. मूर्तिकार आधी मूळ मूर्ती घडवतो आणि तिचा साचा करतो. कौशल्य आणि वेळ त्या पहिल्या मूर्तीत जातो. साच्यातून हजार मूर्ती निघाल्या तर तो खर्च हजारांत वाटला जातो. कोणी आपल्यापुरती वेगळी, एकच मूर्ती घडवून मागितली, तर सगळा भार तिच्यावर पडतो आणि ती महाग होते.

गेमचे गणित असेच, पण अधिक टोकाचे आहे. मूर्तीला निदान माती, रंग, आखणी आणि वाहतूक लागते. गेमची दुसरी प्रत काढायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. सगळा खर्च ‘साच्या’चा, म्हणजे बनवण्याचा. समजा, एका छोट्या संघाने तीन वर्षे खपून गेम केला आणि सहा कोटी रुपये लागले. सहा लाख ग्राहक मिळाले तर प्रत्येकाकडून १०० रुपये हाती आले तरी खर्च निघतो. ग्राहक २० हजारच असतील, तर प्रत्येकाकडून ३,००० रुपये यायला हवेत. किचकट गेमचे ग्राहक दुसऱ्या गटातले असतात.

मग किंमत निम्मी केली तर ग्राहक दुप्पट होणार नाहीत का? लोकप्रिय गेमच्या बाबतीत होऊ शकतात. युद्धखेळांचे प्रकाशक मात्र वेगळा हिशेब मांडत आले आहेत. ज्याला शेकडो पानांची पुस्तिका वाचून रशियाची आघाडी लढवायची आहे तो ८० डॉलरही देतो. ज्याला नाही, तो ४० डॉलरलाही घेत नाही. ‘वॉर इन द ईस्ट’ २०१० च्या अखेरीस आला तेव्हा त्याची किंमत सुमारे ८० डॉलर होती, ती या विचारातून. आधुनिक हवाई-सागरी युद्धावरील ‘कमांड’ या गेमची किंमतही याच पातळीवर होती. त्याची व्यावसायिक आवृत्ती तर लष्करी संस्थांसाठी वेगळी विकली जाते.

शंभर रुपयांतले किती बनवणाऱ्याला मिळतात?

पूर्ण रक्कम कधीच मिळत नाही. भारतात एखादा गेम १,००० रुपयांना दिसतो, तेव्हा त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. परदेशी कंपन्यांनी भारतीय ग्राहकांना विकलेल्या डिजिटल सेवांवर १ जुलै २०१७ पासून हा कर आहे. तो वजा केल्यावर साधारण ८४७ रुपये उरतात. त्यातले ३० टक्के दुकानाचे. संगणकावरील गेमचे सर्वांत मोठे दुकान म्हणजे अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम’. त्याचा वाटा जातो सुमारे २५४ रुपये. उरले ५९३. त्यातून प्रकाशक आपला वाटा घेतो आणि मग बनवणाऱ्याला पैसे मिळतात.

यात आणखी एक मेख आहे. स्टीमने २०१८ मध्ये नवी रचना आणली. एखाद्या गेमची विक्री एक कोटी डॉलरपुढे गेली की पुढच्या विक्रीवर दुकानाचा वाटा २५ टक्के होतो आणि पाच कोटी डॉलरपुढे २० टक्के. म्हणजे सवलत मिळते ती आधीच भरपूर खपणाऱ्यांना. थोडक्या ग्राहकांसाठी काम करणारा छोटा संघ शेवटपर्यंत ३० टक्केच देत राहतो. एपिक या स्पर्धक दुकानाने १२ टक्क्यांचा दर ठेवला, पण या प्रकारच्या खेळांचा ग्राहक प्रामुख्याने स्टीमवरच आहे.

भारतातली किंमत कोण ठरवते?

प्रकाशक ठरवतो, दुकान नाही. स्टीमवर नोव्हेंबर २०१५ पासून रुपयांत किमती दिसू लागल्या. त्याआधी डॉलरमध्येच पैसे भरावे लागत. प्रत्येक देशासाठी किती किंमत ठेवावी याचा एक तक्ता व्हॉल्व्ह सुचवते. तो ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्याने आखण्यात आला आणि अनेक देशांतल्या सुचवलेल्या किमती चढल्या. तो तक्ता मानायचा की नाही, हे प्रकाशकाच्या हाती. काही जण भारतासाठी बरीच कमी किंमत ठेवतात. काही जण डॉलरच्या दराने गुणाकार करून मोकळे होतात. म्हणूनच अमेरिकेत एकाच किमतीला विकले जाणारे दोन गेम भारतात दुपटीच्या फरकाने दिसू शकतात.

ही पद्धत मराठी वाचकाला नवी नाही. अभियांत्रिकीच्या परदेशी पाठ्यपुस्तकांच्या स्वस्त भारतीय आवृत्त्या अनेकांनी वापरल्या आहेत. कागद पातळ, छपाई साधी आणि मुखपृष्ठावर सूचना : विक्री फक्त भारतीय उपखंडात. आतला मजकूर बहुधा तोच. कमी उत्पन्नाच्या देशात कमी किंमत ठेवली तर प्रकाशकालाही चार पैसे जास्त मिळतात, कारण मूळ किमतीला ते पुस्तक इथे खपलेच नसते.

धोका असतो तो उलट्या वाहतुकीचा. स्वस्त आवृत्ती महाग देशात जाऊ लागली की प्रकाशक बिथरतो. गेमच्या बाबतीत तेच झाले. श्रीमंत देशांतले ग्राहक व्हीपीएन वापरून, आपण अर्जेंटिना किंवा तुर्कीत आहोत असे भासवून स्वस्तात खरेदी करू लागले. स्टीमने २०२१ मध्ये देश बदलण्यावर तीन महिन्यांतून एकदाच अशी मर्यादा घातली. चलन घसरतच राहिल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये अर्जेंटिना आणि तुर्कीतली स्थानिक चलनातली विक्री बंद होऊन तिथे डॉलर आला. तिथल्या सामान्य खेळाडूला एका रात्रीत किमती परक्या झाल्या. भारतात रुपया कायम आहे. पण स्वस्त किमतीचा गैरवापर झाला तर ती गमवावी लागते, हा धडा त्यातून मिळाला.

न्याय्य किंमत किती असायला हवी?

डॉलर आणि रुपयाचे नाते हा विषय रोह्याला परका नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले सी. डी. देशमुख यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण मात्र रोह्यातले. चलनांच्या दरांची नवी जागतिक व्यवस्था १९४४ मध्ये अमेरिकेतील ब्रेटन वूड्स येथे ठरली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात ते होते.

बाजारातला विनिमय दर आणि लोकांची खरेदीची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक बँकेच्या पुढाकाराने देशोदेशीच्या किमतींची तुलना केली जाते. २०१७ सालच्या तुलनेनुसार अमेरिकेत एका डॉलरला जेवढ्या वस्तू-सेवा मिळतात तेवढ्या भारतात २०.६५ रुपयांत मिळत होत्या. त्या वर्षी बाजारात डॉलर होता ६५ रुपयांच्या आसपास. म्हणजे तिपटीहून अधिक फरक.

हाच मापदंड लावला तर ६० डॉलरच्या गेमची भारतातली ‘समतुल्य’ किंमत सुमारे १,२४० रुपये होते. रोजगार हमीच्या दराने चार दिवसांची मजुरी. अमेरिकेतल्या आठ तासांशी तुलना केली तरी ती जास्तच आहे, पण १६ दिवसांपेक्षा कितीतरी आवाक्यात. अर्थात प्रकाशकाचा खर्च युरो-डॉलरमध्ये असतो, त्यामुळे त्याने हा दर पाळलाच पाहिजे असे नाही. पण प्रतीमागे खर्च जवळपास शून्य असल्याने तो पाळणे त्याला शक्य असते, हे महत्त्वाचे.

मूळ गेम स्वस्त, मग खिसा कुठे रिकामा होतो?

पुरवण्यांमध्ये. पॅराडॉक्सच्या पद्धतीत मूळ गेम घेतल्यावर वर्षानुवर्षे विकत घेण्याजोग्या पुरवण्या येत राहतात. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’साठी दशकभरात डझनावारी पुरवण्या आल्या. भारतावरच्या ‘धर्म’ची सुरुवातीची किंमत १९.९९ डॉलर होती, म्हणजे मूळ गेमच्या निम्मी. कंपनीची बाजूही समजून घ्यायला हवी. या पुरवण्यांच्या पैशांतूनच जुन्या गेमवर काम चालू राहते आणि प्रत्येक पुरवणीबरोबर सगळ्यांसाठी मोफत सुधारणाही येतात. पण नव्याने येणाऱ्याला पुरवण्यांची भलीमोठी यादी पाहूनच घाम फुटतो.

टीका वाढल्यावर कंपनीने दोन मार्ग काढले. ‘क्रुसेडर किंग्ज २’ हा मूळ गेम ऑक्टोबर २०१९ पासून मोफत केला. आणि २०२१ मध्ये जुन्या गेमसाठी मासिक वर्गणी सुरू केली. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ची वर्गणी ४.९९ डॉलर होती आणि तीत सगळ्या पुरवण्या खुल्या होतात. हे शाम्पूच्या पुडीसारखे. बाटली परवडत नाही त्याने पुडी घ्यावी. परीक्षेनंतरच्या सुट्टीत महिनाभर खेळून थांबणाऱ्याला हा सौदा चांगला. वर्षभर चालू ठेवणाऱ्याला मात्र तो महाग पडतो.

मित्रांच्या गटासाठी आणखी एक सोय आहे आणि ती अनेकांना माहीत नसते. पॅराडॉक्सच्या प्रमुख गेममध्ये एकत्र खेळताना ज्याने डाव मांडला आहे त्याच्याकडच्या पुरवण्या त्या डावापुरत्या सगळ्यांना वापरता येतात. चौघांपैकी एकाने पुरवण्या घेतल्या आणि बाकीच्यांनी फक्त मूळ गेम, तरी चौघांचे भागते. गावच्या वाचनालयातला दिवाळी अंक घरोघरी फिरतो, तसेच हे.

किमतीशिवाय आणखी अडथळे कोणते?

पहिला अडथळा यंत्राचा. यातले बहुतेक गेम मोबाइलवर चालत नाहीत. घरात संगणक असला तरी तो बहुधा अभ्यासाचा किंवा कार्यालयीन कामाचा साधा लॅपटॉप असतो. जुने गेम त्यावर रडतखडत चालतात, नव्यांना वेगळे ग्राफिक्स कार्ड आणि जास्त मेमरी लागते. दुसरा अडथळा इंटरनेटचा. अनेक जीबींचा गेम मोबाइल डेटावर उतरवायचा म्हणजे दिवसाचा कोटा पुरत नाही, आणि पावसाळ्यात वीज गेली की राउटरही बंद. दोन तासांच्या परतावा-मुदतीत गेम नीट समजत नाही, ही तिसरी अडचण. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मिळतात. पण या खेळांत पहिले दोन तास कोणते बटण कशाचे, हे कळण्यातच जातात.

सर्वांत मोठा अडथळा भाषेचा. हे गेम चित्रांपेक्षा मजकुरावर चालतात. कर, वारसाहक्क, व्यापारी मार्ग, धर्मसत्ता असे सगळे इंग्रजी परिभाषेत आणि बारीक अक्षरांत. पॅराडॉक्सच्या गेममध्ये मराठी पर्याय नाही. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला बहमनी सुलतानांचा इतिहास शाळेत पाठ असतो, पण तोच पडद्यावर परक्या शब्दांत येतो. या गेमचा मजकूर साध्या फाइलींमध्ये साठवलेला असल्याने चाहते भाषांतरे करू शकतात. जपानी चाहत्यांनी ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ आपल्या लिपीत आणण्यासाठी स्वतः खटपट केली. असे काम करणारा गट तयार व्हायला आधी पुरेसे खेळाडू असावे लागतात, आणि त्यासाठी आधी किंमत आवाक्यात असावी लागते. गाडे फिरून तिथेच येते.

एका बाबतीत मात्र हे खेळ इतरांपेक्षा सोयीचे आहेत. ते कधीही थांबवता येतात किंवा खेळीमागून खेळीने चालतात. चपळ बोटांची गरज नसते. हातांच्या हालचालीवर मर्यादा असलेल्यांना, वयस्करांना किंवा कामाच्या पाळीनंतर अर्धा तासच मिळणाऱ्याला ते जमण्यासारखे आहेत.

फक्त किंमत उतरवली तर प्रश्न सुटेल?

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ची गोष्ट याचे उत्तर देते. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकी भावांनी बनवलेला हा गेम २००६ पासून मोफत होता. जगातल्या सर्वांत किचकट गेममध्ये त्याची गणना होते. पडद्यावर चित्रांऐवजी अक्षरे आणि चिन्हे दिसत. भाऊ लोकांच्या देणग्यांवर जगत. झॅक यांना त्वचेचा कर्करोग झाला आणि अमेरिकेतल्या उपचारखर्चाची धास्ती बसली. मग चित्रे आणि माऊसची सोय असलेली आवृत्ती विकायला काढायचे ठरले. ती ६ डिसेंबर २०२२ रोजी २९.९९ डॉलरला आली आणि पहिल्या महिन्याभरात जवळपास पाच लाख प्रती खपल्या. जुनी आवृत्ती आजही मोफत आहे.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, १६ वर्षे फुकट असूनही अनेक जण त्या गेमच्या वाटेला गेले नव्हते, कारण भिंत किमतीची नव्हती, समजण्याची होती. दोन, मोफत खेळालाही कोणाच्या तरी घरखर्चाची किंमत असते. खेळाडूला परवडणे आणि बनवणाऱ्याचे पोट भरणे, हे दोन्ही एकत्र साधावे लागते.

पायरसी हा मार्ग आहे का?

गेल्या दोन दशकांत छोट्या गावांतल्या अनेकांची या खेळांशी ओळख सायबर कॅफेतल्या किंवा मित्राने दिलेल्या कॉपी सीडीतूनच झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कायदा स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३-ब नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. आर्थिक लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतचा दंड करू शकते.

व्यवहारात अधिक मोठा धोका फाइलींसोबत येणाऱ्या व्हायरसचा. ज्या लॅपटॉपवर घरचे बँक व्यवहार होतात त्यावर अशी फाइल उघडणे महागात पडते. शिवाय हे गेम सतत सुधारत असतात. चोरीच्या प्रतीला ना सुधारणा मिळतात, ना सोबत खेळणारे.

नव्या कायद्यामुळे या गेमवर बंदी आली का?

नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेला ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या, जिंकल्यास पैसे देणाऱ्या खेळांविरुद्ध आहे. एकदा किंमत भरून किंवा वर्गणी देऊन खेळायचे आणि बदल्यात पैसे जिंकण्याचा प्रश्नच नसलेले गेम त्या बंदीत येत नाहीत. घरात यावरून वाद होत असेल तर हा फरक पालकांनीही लक्षात घ्यायला हवा.

कमी पैशांत सुरुवात कुठून करावी?

मोबाइलच असेल तर ‘युनसिव्ह’ हा पर्याय आहे. सिव्हिलायझेशनच्या धर्तीवरचा हा मुक्तस्रोत गेम अँड्रॉइडवर मोफत मिळतो, आकाराने छोटा आहे आणि साध्या फोनवरही चालतो. साधा लॅपटॉप असेल तर ‘फ्रीसिव्ह’ आहे. डेन्मार्कमधील विद्यार्थ्यांनी सुरू केलेला हा प्रकल्प १९९६ पासून चालू आहे. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ डावपेच शिकायला चांगला. रेल्वे, बस आणि मालवाहतुकीचे जाळे उभारायचे असेल तर ‘ओपनटीटीडी’. मध्य रेल्वे जिथे संपून कोकण रेल्वे सुरू होते त्या रोह्याच्या मुलांना तो आपलासा वाटावा. ‘झीरो ए.डी.’ या मोफत गेममध्ये मौर्य साम्राज्य घेऊन खेळता येते.

विकतच्या गेमसाठी थोडा संयम उपयोगी पडतो. स्टीमवर उन्हाळ्यात आणि वर्षअखेरीस मोठी सूट असते आणि जुने स्ट्रॅटेजी गेम तेव्हा निम्म्याहून कमी किमतीला मिळतात. हे खेळ लवकर शिळे होत नाहीत. उलट दोन-तीन वर्षांत दुरुस्त होऊन अधिक चांगले होतात, त्यामुळे थांबण्यात तोटा नाही. एपिकच्या दुकानात दर आठवड्याला काही ना काही मोफत मिळते. ‘सिव्हिलायझेशन ६’ मे २०२० मध्ये तिथे असाच मोफत मिळाला होता. स्टीमच्या कुटुंब योजनेत एकाच घरातले सहा जणांपर्यंत सदस्य एकमेकांचे गेम वापरू शकतात. मात्र एकच प्रत दोघांना एकाच वेळी चालवता येत नाही. पैसे भरण्यासाठी क्रेडिट कार्ड लागतेच असे नाही. यूपीआय चालते.

पुढे काय व्हायला हवे?

तुलना बुद्धिबळाशी करून पाहावी. पट आणि सोंगट्या काहीशे रुपयांत येतात, मोबाइलवर तर फुकटच. खोली मात्र अथांग. म्हणूनच तो खेळ महाराष्ट्रात गावोगावी पोहोचला आणि नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकण्यापर्यंत मजल मारली. खेळ कठीण असल्याने तो मूठभरांचा राहतो, असे नाही. साधन हाती आले, शिकवणारा भेटला आणि सोबत खेळणारे जमले की कठीण खेळही रुजतो.

स्ट्रॅटेजी गेमबाबत या तिन्हींची सोय फार खर्चिक नाही. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मोफत गेम टाकून इतिहास-भूगोलाच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक तास देता येईल. मराठीत सोप्या मार्गदर्शिका आणि चित्रफिती तयार होऊ शकतात. प्रकाशकांनी भारतातल्या किमती विनिमय दराऐवजी क्रयशक्तीकडे पाहून ठेवल्या, तर आज शून्य असलेल्या जागी त्यांनाही ग्राहक मिळेल. राज्य सरकारने अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी २०२५ मध्ये धोरण मंजूर केले आहे. त्यातून स्टुडिओ उभे राहतीलही. पण सह्याद्रीचा खेळ उद्या मराठी माणसाने बनवायचा असेल, तर आज रोह्यातल्या एखाद्या मुलीला तो परक्या माणसाने बनवलेला का होईना, खेळून पाहता आला पाहिजे. सध्या तरी तिच्यासाठी तो १६ दिवसांच्या मजुरीइतका लांब आहे.